प्रत माहितीसाठी: लेखा विभाग

जावक क्र. ४१७
१२ जून

ती. मावशीस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तू विचारलेल्या गोष्टींची उत्तरं अशी. मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. खोकला पूर्ण गेला. तुझी सूनही मजेत आहे, ती नेहमी तुझी आठवण काढते. चष्म्याचा नंबर वाढलेला नाही.

तुझा उजवा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना? उतरताना दुखत असेल तर डॉक्टरांना पुन्हा एकदा दाखव, टाळू नकोस. शेजारच्या पलंगावरच्या बाई मोठ्यानं रेडिओ लावतात असं तू लिहिलंस. त्यांना एकदा गोडीनं सांगून बघ. नाहीच ऐकलं तर खिडकीकडचा पलंग मागून घे.

इकडे कामाचा फार रेटा आहे, म्हणून भेटीला येणं जमत नाही. पण जमवतो. काळजी घे.

तुझा,
ढब्बू
(सही)

प्रत माहितीसाठी: लेखा विभाग


२० जून

पत्र लिहिणाऱ्या बाईस,

पाकिटावर ढब्बूचं नाव घातलंय, पण उघडणार तूच. म्हणून सरळ तुलाच लिहिते. तू बाई आहेस हे मी धरून चालले आहे. गुडघा चढताना दुखतो की उतरताना, असं विचारणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही.

तर बाई, माझ्या गुडघ्याची बातमी लेखा विभागाला कळवायचं काय नडलं होतं? आता ते काय, माझ्या गुडघ्यासाठी बजेटमध्ये तरतूद करणार आहेत? पत्राच्या तळाशी ती ओळ वाचली आणि मी इतकी हसले की शेजारणीनं रेडिओ बंद केला. म्हणजे तेवढं एक काम झालं.

घाबरू नकोस. हे मला आज कळलेलं नाही. ढब्बूची आई, म्हणजे माझी बहीण, तो शाळेत जायच्या आधीच गेली. त्याला मी वाढवलं. शाळांचे गणवेश शिवून शिवून वाढवलं. पुढे तो शिकायला वसतिगृहात गेला, तेव्हा पत्रं यायची. त्यात मी विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर नसायचं. "जेवतोस का" विचारलं की तो मित्राच्या सायकलीबद्दल लिहायचा. "ताप उतरला का" विचारलं की पुन्हा सायकल. मग मोठा साहेब झाला आणि पत्रंच थांबली. चार वर्षांपूर्वी एकाएकी पत्र आलं, आणि त्यात मी विचारलेल्या सगळ्याची उत्तरं! तीही विचारलेल्या क्रमानं! त्याच दिवशी मी ओळखलं की ढब्बूनं माणूस ठेवलंय.

शिवाय "तुझा ढब्बू" असं छापायचं आणि वर पूर्ण नावाची लफ्फेदार सही ठोकायची. काय छापलंय ते त्यानं वाचलं असतं तर सही करताना हात थांबला असता की नाही?

पण चार वर्षांत तुझी एक चूक नाही, आणि एकदम लेखा विभाग! तू कोण आहेस, आणि तुझं काय बिनसलंय? दमली आहेस का?

ढब्बूची मावशी


२९ जून

मावशी,

तुमचं पत्र उघडलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. साहेब आत फोनवर बोलत होते आणि मी बाहेर हातात तुमचं पत्र घेऊन बसले होते. कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, घरी काहीतरी वाईट झालंय.

मी साहेबांची सहायक. त्यांच्या दाराबाहेर माझं टेबल. येणारी टपाल मी उघडते, जाणारी मी लिहिते. तुमची पत्रं यायची, साहेब म्हणायचे, "मावशींना काहीतरी लिहून टाका." मला काहीतरी लिहिता येत नाही हो. विचारलेल्या गोष्टीचं उत्तर द्यायचं, एवढंच शिकलेय. मग मी साहेबांना येता-जाता विचारायची, खोकला कसा आहे, चष्मा बदलला का. त्यांना वाटत असेल, ही बाई काळजी फार करते. तुम्ही पहिल्या पत्रात "चि. ढब्बूस" लिहिलं होतं, म्हणून मी खाली तेच घातलं. टाइप करताना कुणाकडे बघायचं नाही, हसू येतं.

तो लेखा विभाग म्हणजे निव्वळ झोप. त्या दिवशी एकामागून एक पत्रं काढत होते आणि प्रत्येकाची प्रत लेखा विभागाला जात होती. त्यात तुमचंही गेलं. लेखा विभागातले म्हणाले, "बाई, गुडघ्याचं काय करायचं?" मी म्हटलं, फाडा.

आणि झोप का, तर परीक्षा. मावशी, मी इथे अकरा वर्षं आहे आणि अकरा वर्षं तात्पुरती आहे. दर वर्षी मुदतवाढीचं पत्र निघतं. तेही मीच टाइप करते, मीच साहेबांपुढे ठेवते आणि मीच घेते. आता कंपनीनं नवा नियम काढलाय. कार्यालयीन प्रशासनाचं प्रमाणपत्र असेल त्यालाच नव्या वर्षापासून कायम करणार. ज्याच्याकडे नसेल त्याची मुदत संपली की संपली. त्या नियमाचं परिपत्रकसुद्धा माझ्याच हातून निघालं.

म्हणून या वयात अभ्यासाला बसले आहे. घरी आले की स्वयंपाक, आणि भाजी चिरता चिरता लेक प्रश्न विचारते. आमचे हे म्हणतात, "डोक्यावर पांढरे केस आणि हातात गाइड!" पण हल्ली भांडी तेच घासतात, हे कबूल करायला हवं.

हात जोडून सांगते, साहेबांना यातलं काही कळू देऊ नका. माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही.

तुमची,
लिहिणारी


८ जुलै

पोरी,

चूक बिक काही नाही. उलट चार वर्षं माझ्या गुडघ्याची चौकशी करणारं कुणीतरी होतं, हे काय कमी झालं?

ढब्बूला मी सांगणार नाही. त्यात माझाही स्वार्थ आहे, तो ऐक. इथे वृद्धाश्रमात आम्ही चौघी एका खोलीत. मीच आले बरं का इथे, मला कुणी टाकलेलं नाही. बाकी तिघींना मुलांचे फोन येतात, तेही कुठली किल्ली कुठे ठेवली होती हे विचारायला. पत्र येतं ते फक्त मला. आलं की मी ते मोठ्यानं वाचते, तिघी ऐकतात. "काय गं तुझा ढब्बू, किती बारीकसारीक विचारतो!" माझी कॉलर ताठ. आता सत्तरी उलटल्यावर ताठ राहील असं शरीरात दुसरं काही उरलेलं नाही. तेव्हा ढब्बूचं पत्र महिन्याच्या महिन्याला येऊ दे. फक्त त्याच्यासोबत एक चिठ्ठी तुझीही घाल. ती मी वाचून दाखवणार नाही.

अभ्यासाचं म्हणशील तर मला त्यातलं काही कळत नाही. पण शाळा उघडायच्या आधी माझ्यापुढे बाह्यांचा ढीग पडायचा. ढिगाकडे बघितलं की झोप यायची. मग मी ढिगावर चादर टाकायची आणि खालून एक बाही ओढायची. ती झाली की दुसरी. तू गाइडावर चादर टाक.

आणि तुझ्या ह्यांना सांग, पांढऱ्या केसांनी लिहिलेलं उत्तर तपासणाऱ्याला दिसत नाही.

मावशी


३ सप्टेंबर

मावशी,

ढब्बूचं पत्र सोबत आहे. त्यात या वेळी सुनेच्या बागेबद्दल जरा जास्त लिहिलंय, तेवढं सांभाळून वाचा. बाग खरी आहे, साहेबांचा उत्साह माझा आहे.

माझे लेखी पेपर झाले आणि निकालही लागला. चारही सुटले! पत्रव्यवहारात सगळ्यात जास्त गुण. फायलींच्या पेपरात एक प्रश्न होता: वरिष्ठांच्या नातेवाइकांचं खाजगी पत्र आलं तर सहायकानं काय करावं? मी लिहिलं, "न उघडता वरिष्ठांपुढे ठेवावे." पूर्ण गुण मिळाले. लिहिताना तुमची आठवण आली.

लेकीनं घरात उड्या मारल्या. मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही. आनंद झाला होता, पण तो वर येईपर्यंत झोप लागली.

आता तोंडी परीक्षेआधी दोन गोष्टी उरल्या. ऑक्टोबरअखेर दोन दिवसांचं प्रात्यक्षिक, आणि महिना संपायच्या आत वरिष्ठांचा अभिप्राय. तो अभिप्राय साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहायचा, टाइप चालणार नाही. कारण परीक्षेच्या माहितीपत्रकात सरळच छापलंय की टाइप केलेले अभिप्राय उमेदवार स्वतःच लिहून आणतात असा अनुभव आहे. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, म्हणतात ना. परीक्षा घेणारेही कधीतरी सहायकच असणार.

साहेबांपुढे फॉर्म ठेवला. म्हणाले, "अहो, तुम्हीच लिहून आणा ना, मी उतरवून काढतो." मग मी लिहायला बसले. मावशी, निवृत्त होणाऱ्या रखवालदाराचं निरोपाचं भाषण मी लिहिलं, तेव्हा लोक रडले होते. स्वतःबद्दल लिहायला बसले आणि तीन शब्द सुचले. नियमित, तत्पर, विश्वासू. हेच तीन शब्द मी पाण्याचे जार पुरवणाऱ्याच्या शिफारसपत्रातही घातले होते. मी आणि पाण्याचा जार, एकाच मापात.

आणि खरं सांगू? मला ते लिहायचंच नाहीये. अकरा वर्षं या ऑफिसातलं सगळं मी लिहिलं. माझ्याबद्दलचा एक कागद तरी दुसऱ्या कुणीतरी लिहावा ना. एवढी मोठी मागणी आहे का ही?

तुमची,
लिहिणारी


११ सप्टेंबर

पोरी,

मागणी मुळीच मोठी नाही. लाज वाटायला हवी ढब्बूला. तू लिहू नकोस. मी त्याला लिहिते आणि त्याच्याकडून लिहून घेते. लहानपणी पाढे लिहायला असाच टाळाटाळ करायचा. पाटीसमोर बसवून मी दाराला आतून कडी घालायची. आता दार तिकडे आणि मी इकडे, पण बघू.

मावशी


२० सप्टेंबर

मावशी,

कृपा करून असं काही करू नका.

नीट विचार करा. तुम्ही लिहिलंत की साहेबांना कळणार, मावशीला सगळं माहीत आहे. त्यांना लाज वाटेल. आणि साहेब लोकांना लाज वाटली ना, की ती रागाच्या रूपानं बाहेर येते. तो राग दाराबाहेरच्या टेबलावर पडतो, तिथे मी बसते. मुदतवाढीचा कागदही त्यांच्याच सहीनं निघतो. आणि तुमचं काय? नाटक उघडं पडल्यावर ते मला परत "काहीतरी लिहून टाका" म्हणणार नाहीत. स्वतः तर लिहिणार नाहीतच. म्हणजे तुमची पत्रं बंद. तिघींना मग काय वाचून दाखवाल?

माझं होईल काहीतरी. पहिला फॉर्म साहेबांच्या बॅगेत गेला आणि ती बॅग दौऱ्यावरून आली तेव्हा त्यात नव्हता. दुसरा मागवला. त्यावर त्यांनी कुणाचा तरी फोन नंबर लिहिला. तिसरा आता टेबलावर आहे. परवा आठवण करून दिली, तर म्हणाले, "बाई, तुमचं काम म्हणजे घरचंच काम, करू की." घरचं काम कसं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

साहेब वाईट नाहीत हो. कधी आवाज चढवून बोलले नाहीत. त्यांना फक्त असं वाटतं की गोष्टी आपोआप होतात. तसं वाटावं यासाठीच मला ठेवलंय, मग तक्रार कुणाकडे करू?

मी फार दमलेय. जाऊ दे असं वाटायला लागलंय. नाही झाले कायम तर नाही झाले. दुसरीकडे कुठेतरी चार अक्षरं टाइप करून मिळेलच काहीतरी. लेक रागावते असं बोलले की.

तुमची,
लिहिणारी


२ ऑक्टोबर

पोरी,

"जाऊ दे" हा शब्द मी तुझ्या तोंडी चालवून घेणार नाही. माझ्या तोंडी तो शोभतो, माझं वय झालंय.

सोबत एक बंद पाकीट आहे. वर लिहिलंय, "खाजगी. ढब्बूनं स्वतः उघडावं." आत काय आहे ते तुला सांगत नाही. तो तुझ्यावर रागावेल असं त्यात काही नाही, एवढं सांगते.

ते त्याच्यापुढे ठेवायचं की नाही हे तू ठरव. टपाल तुझ्या हातातून जाते, मला सगळं ठाऊक आहे. फाडून टाकलंस तरी मी विचारायची नाही. पण परीक्षेत तूच उत्तर लिहिलंस ना, न उघडता पुढे ठेवावे म्हणून? पूर्ण गुण घेतलेस ना त्याचे?

माझ्या पत्रांची काळजी करू नकोस. चार वर्षांची साठलेली आहेत, तीच पुन्हा पहिल्यापासून वाचीन. त्या तिघींच्या काल जेवलेलं आज लक्षात राहत नाही.

मावशी


२९ ऑक्टोबर

मावशी,

अक्षर बघूनच तुला कळलं असेल, हे मी स्वतः लिहितोय.

तुझं पाकीट माझ्या टेबलावर बरेच दिवस होतं. बाई रोज ते टपालात सगळ्यात वर ठेवायच्या, मी रोज खाली सरकवायचो. तुझं अक्षर बघितलं की मला अजून पाढे आठवतात. वाटलं, भेटायला येत नाही म्हणून ओरडली असशील. शेवटी उघडलं. ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

तू लिहिलंस, "तुझी पत्रं कोण लिहितं ते मला पहिल्यापासून माहीत आहे. मी रागावलेली नाही. यापुढे मला एक ओळही लिहू नकोस. पण एकदाच बसून स्वतःच्या हातानं लिहायची ताकद तुझ्यात असेल, तर ती माझ्यावर घालवू नकोस. त्या बाईसाठी लिही."

मी कितीतरी वेळ दार लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन बसलो. "कामात तत्पर" असं लिहिलं आणि मग आठवलं, हे वाक्य त्यांचंच आहे, माझ्या सहीनं सगळ्या जगाला जातं. खोडलं. त्या नेमकं काय करतात याचा विचार केला तर काही आठवेना. माझ्या दाराबाहेर त्या अकरा वर्षं बसतात, मावशी, आणि मला लिहिता येईना. लाज वाटली म्हणून फॉर्म पुन्हा ठेवून दिला.

मग या सोमवारी आणि मंगळवारी त्या प्रात्यक्षिकाला गेल्या. तुला सांगतो, सोमवारी मी चुकीच्या मीटिंगला जाऊन बसलो. अर्धा वेळ संपेपर्यंत कुणी बोललं नाही, कारण मी साहेब. ज्या लोकांशी मीटिंग होती ते माझ्या खोलीत बसून निघून गेले. मंगळवारी एका माणसाला फोनवर त्याच्या भावाच्या जाण्याबद्दल विचारायला हवं होतं, ते मला माहीतच नव्हतं. मी त्याच्याशी मालाच्या दराबद्दल बोललो. बाई असत्या तर फोन जोडायच्या आधी म्हणाल्या असत्या, "साहेब, त्यांचे भाऊ गेलेत." प्रत्येक वेळी म्हणतात. मला वाटायचं, माझ्या लक्षात राहतं.

मग मंगळवारी संध्याकाळी बसून तेवढंच लिहिलं. त्या नसताना काय झालं ते. दुसरं मला काही माहीत नव्हतं. पाकिटं कुठे असतात हेही माहीत नव्हतं. लेखा विभागातून एक मागून आणलं आणि परीक्षेच्या कार्यालयात स्वतः जाऊन देऊन आलो.

पाठ दुखतेय. गाडीला नवे टायर घातले, आधीचे अगदी गुळगुळीत झाले होते. दुकानदार म्हणाला, एवढे दिवस चाललात कसे?

ढब्बू


४ डिसेंबर

मावशी,

झालं. पास झाले.

गेल्या आठवड्यात तोंडी परीक्षेला बोलावलं होतं. टेबलापलीकडे तिघंजण. मधल्या बाईंनी साहेबांचा अभिप्राय हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला, मग चष्मा काढून बघितला. "हे अक्षर कुणाचं?" मी म्हटलं, आमच्या साहेबांचं. त्या म्हणाल्या, "शंकाच नाही. असं लिहून पाठवायची कुठल्याही सहायकाची हिंमत होणार नाही." बाकीचे दोघं हसले.

मग त्यांनी तो मोठ्यानं वाचला. अडखळत, कारण अक्षर लागत नव्हतं. चुकीची मीटिंग, तो फोन, सगळं होतं. मी मान खाली घालून ऐकत होते. शेवटची ओळ तुम्हाला सांगते, पाठच झालीये. "अकरा वर्षं मला वाटत होतं की मी वक्तशीर आणि मनमिळाऊ माणूस आहे. ह्या दोन दिवस रजेवर गेल्या तेव्हा कळलं की ते दोन्ही गुण ह्यांचे आहेत." मावशी, मला रडू आलं. परीक्षकांसमोर, भर तोंडी परीक्षेत. मधल्या बाईंनी पाण्याचा ग्लास सरकवला आणि पुढचा प्रश्नच विचारला नाही.

नव्या वर्षापासून मी कायम. त्याचं पत्र काल मिळालं. तेवढं एक पत्र साहेबांनी मला टाइप करू दिलं नाही, दुसरीकडून करून घेतलं. त्यात दोन चुका होत्या. तसंच घरी नेलं, लेकीनं भिंतीला लावलं. ह्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "चुका आहेत गं." मी म्हटलं, असू देत, त्या माझ्या नाहीत.

आनंद झालाय, पण फार थकलेला आनंद आहे. रविवारी दुपारी झोपले ती दिवेलागणीलाच उठले. कुणी हाक मारली नाही.

मुख्य सांगायचं राहिलं. परवा तुमचं पत्र साहेबांच्या नावानं आलं, मी ते न उघडता पुढे ठेवलं. आता तसंच ठेवणार. साहेबांनी वाचलं, खिशात घातलं, "काहीतरी लिहून टाका" म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांना आठवणही करून देणार नाही मी, कारण आठवण करून दिली की ते पुन्हा माझंच काम होऊन बसेल. ते तुमच्या दोघांतलं आहे. पण त्यापायी तुमची खोली शांत झाली तर मला फार वाईट वाटेल. तुम्ही माझ्यासाठी काय पणाला लावलंत ते मला कळतं. याची परतफेड मला जमणार नाही, मावशी.

तुमची,
लिहिणारी


२५ जानेवारी

पोरी,

परतफेडीच्या गोष्टी करू नकोस, कंटाळा येतो.

डिसेंबर पूर्ण कोरडा गेला. तिघी विचारायच्या, "ढब्बूचं पत्र नाही आलं?" मी सांगायची, कामात आहे. मग जुनी काढून वाचली. त्यातली एक पटकन म्हणाली, "हे आधी ऐकलंय." बघ, नेमकं तेच लक्षात राहिलं तिच्या.

आणि काल आलं. पाकिटावर पत्ता तिरका, तिकीट उलटं. तिघी येऊन बसल्या, वाच म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, अक्षर लागलं की सांगते. अजून लागतंय. तुझं पत्र बिचारं एका दमात वाचून व्हायचं. ह्याचं कालपासून चाललंय, आत्ता कुठे शेवटच्या पानावर आहे.

मी विचारलं होतं, गुडघ्याला तेल कुठलं लावू. उत्तर नाही. विचारलं होतं, कधी येतोस. उत्तर नाही. सुनेची बाग कशी आहे, त्याचंही नाही. नव्या टायरांबद्दल मात्र अर्धं पान आहे, पावसात किती छान पकड घेतात म्हणून. विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर नाही गं त्यात. ढब्बूच तो. अगदी माझा ढब्बू.

आता एकच सांग, आणि खरं सांग. माझ्यापाशी खोटं चालत नाही हे तुला माहीत आहे. त्याला लिहायची आठवण तू करून दिलीस का?

मावशी


जावक क्र. ३१
२ फेब्रुवारी

ती. मावशींस,

आपलं २५ जानेवारीचं पत्र मिळालं. आपण विचारलेल्या एका गोष्टीचं उत्तर खालीलप्रमाणे.

नाही.

आपली,
प्रशासन सहायक (कायम)
(सही)

प्रत माहितीसाठी: लेखा विभाग